न नेलेल्या पदव्यांचे भाऊसाहेब

ओव्हाळ भाऊसाहेब स्वतःच्याच ताब्यातल्या खोलीचं कुलूप काढण्याआधी दारावर टकटक करत. दोनदा. मग आतून कुणी ‘या’ म्हणेल इतका वेळ थांबत आणि नंतर किल्ली फिरवत. मी कॉलेजात रुजू झाले त्याच आठवड्यात हे पाहिलं. जुन्या कागदपत्रांची ती खोली. किल्ली त्यांच्या एकट्याकडे, खिडकीला जाड गज. मला गंमत वाटली. मी विचारलं, “भाऊसाहेब, आत कोण असतं?”

“कागदं असत्यात, मॅडम. आन कागदावरली मानसं.”

मी हसले. ते हसले नाहीत.

कुसगावची हॉटेलं आणि बंगल्यांच्या पाट्या मागे पडल्या की डोंगराकडे एक चढाचा रस्ता जातो, त्याच्या टोकाला आमचं कॉलेज. पावसाळ्याचे चार महिने ढग सरळ व्हरांड्यात येतात. शिकवताना मागची दोन बाकं दिसेनाशी होतात. हजेरी घेताना तिकडून नुसता ‘हजर’ असा आवाज येतो आणि त्यावर विश्वास ठेवावा लागतो. मी तिथे इतिहास शिकवायला आले तेव्हा भाऊसाहेब कार्यालय अधीक्षक होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. उंच, किरकोळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात पट्ट्याच्या चपला. घोरावाडी स्टेशनजवळ राहत. सकाळच्या लोकलने लोणावळ्याला उतरत आणि तिथून रिक्षा मिळाली तर रिक्षाने, नाही तर पायी. उशीर झालेला मी कधी पाहिला नाही.

माणसं त्यांच्या लक्षात राहत ती आसन क्रमांकाने. एकदा बाजारात एका मिशाळ, पोट सुटलेल्या माणसाला त्यांनी थांबवलं आणि म्हणाले, “चारशे सतरा ना तुमी? अर्थशास्त्रात राह्यला व्हता, ऑक्टोबरला सुटला.” तो माणूस बायकोसमोर ओशाळला. भाऊसाहेबांना मात्र त्यात ओशाळण्यासारखं काही वाटत नव्हतं. माणूस नापास झाला म्हणजे त्याची नोंद झाली, आणि नोंद झाली म्हणजे तो आहे. नोंद नसलेल्या माणसाची त्यांना भीती वाटायची. हे मला पुढे कळलं.

पुढच्या वर्षी विद्यापीठाने आपल्या इतिहासाचा मोठा ग्रंथ काढायचं ठरवलं. प्रत्येक संलग्न महाविद्यालयाने स्वतःबद्दल दहा पानं लिहून पाठवायची होती. प्राचार्यांनी ते काम माझ्या गळ्यात टाकलं आणि मी भाऊसाहेबांकडे गेले. पुण्यात शिकलेली असल्यामुळे विद्यापीठ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दगडी इमारत, वडाची झाडं, ग्रंथालय, प्रयोगशाळा असं यायचं.

“ते हापिस झालं,” भाऊसाहेब म्हणाले. “विद्यापीठ दिसत न्हाई, मॅडम. दिसतं ते कालेज.”

मग त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर मला सगळं काढून दाखवलं. सगळ्यांत वर कुलपती. त्यांच्याखाली कुलगुरू. मग अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, अभ्यास मंडळं. एका बाजूला संशोधनाचे विभाग, त्यात पीएच.डी. करणारी माणसं. आणि खाली, कागदाच्या कडेपर्यंत, बारीक बारीक ठिपके. ती कॉलेजं. मावळातली, शहरातली, घाटाखालची.

“हे विभाग मागनं आले. आपल्याकडं पयल्यांदा विद्यापीठं निघाली ती शिकवतच नव्हती. परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, बास. शिकवायचं कालेजानं. आजबी आपलं तसंच चाललंय. आता बगा, जो पोराला वळकतो त्यो पदवी देत न्हाई. आन जो पदवी देतो त्यानं पोराचं तोंड कदी बघितलेलं नसतं.”

“मग दोघांच्या मध्ये कोण?”

“कागद,” ते म्हणाले. “फॉर्म. त्यो गेला तर पोरगं हाये. न्हाई गेला तर न्हाई.”

एवढं बोलून त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, मला दिला नाही.

हिवाळ्यात विद्यापीठाची समिती आली. दर काही वर्षांनी अशी समिती येते, वर्ग मोजते, पुस्तकं मोजते, आणि मग संलग्नता पुढे चालू राहते. समितीचे अध्यक्ष पुण्यातले एक मोठे संशोधक होते, घाईतले. त्यांना जुन्या नोंदी पाहायच्या होत्या. भाऊसाहेब पुढे झाले आणि त्यांनी सवयीने दार ठोठावलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. भाऊसाहेब थांबायचं तेवढं थांबले.

आत एक लोखंडी कपाट होतं. अध्यक्षांनी ते उघडायला लावलं. वरच्या कप्प्यात पदवी प्रमाणपत्रांचा गठ्ठा, मलमलीच्या कापडात बांधलेला. पदवीदान समारंभाला न गेलेल्यांची प्रमाणपत्रं विद्यापीठ ‘अनुपस्थितीत’ म्हणून कॉलेजकडे पाठवून देतं. बहुतेक मुलं येऊन नेतात. काही येत नाहीत. कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाचं लग्न झालेलं असतं, कुणी या जगातच नसतं. अशी कित्येक वर्षांची न नेलेली प्रमाणपत्रं भाऊसाहेबांनी वाळवीपासून सांभाळली होती.

“हे अजून इथे का?” अध्यक्ष म्हणाले. “परिपत्रक वाचलं नाही का? जुनी सगळी परत पाठवा. तिकडे नष्ट करतात.”

“कदी पातूर, सर?”

“मार्चअखेर.”

त्या रात्री भाऊसाहेब झोपले नसावेत. दुसऱ्या दिवशी आले ते रजेचा अर्ज घेऊनच. शनिवार-रविवार आणि मिळतील त्या रजा, असं करून त्यांनी सगळी प्रमाणपत्रं घरोघर पोचवायचं ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. इतिहासाच्या दहा पानांसाठी माणसं भेटतील, म्हणून मीही कधीमधी बरोबर जायला लागले.

एक पदवी एक्स्प्रेस-वेवर बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या क्रेनवाल्याची निघाली. टोलनाक्याच्या पुढे तो चहा पीत उभा होता. भाऊसाहेबांनी त्याला त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, हाक मारल्यासारखं वाचून दाखवलं. तो म्हणाला, “आता काय करू याचं, भाऊसायेब? क्रेनला डिग्री लागते व्हय?” मग त्याने ते पालथं करून पाहिलं, उजेडाकडे धरलं, आणि काही न बोलता केबिनमध्ये चढून काचेवरच्या देवाच्या फोटोशेजारी टेकवलं.

दुसरी एक पदवी ज्याची होती तो वारलेला होता. भाऊसाहेबांनी ती त्याच्या भावाच्या हातात नुसती दिली नाही. दारात सरळ उभे राहिले आणि प्रमाणपत्रावरचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. वाचताना ते भावाकडे पाहत नव्हते. दाराच्या आत, अंधारलेल्या बाजूला, माणसाच्या उंचीवर पाहत होते. भावाची बायको माझ्या कानाशी म्हणाली, “बाई, ह्यांला कोन दिसतंया?”

फेब्रुवारी संपेपर्यंत गठ्ठ्यातली सगळी गेली. एक राहिलं. ते घेऊन कधी जायचं, असं मी दोनदा विचारलं आणि दोनदा त्यांनी विषय बदलला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दुपार होती, शेवटचा तास सुटला होता. ते उठले, त्या खोलीशी गेले, टकटक केली, थांबले, दार उघडलं, आणि मला म्हणाले, “बसा, मॅडम. तुमी इतिहास लिवताय. ह्यो आयका.”

प्रमाणपत्रावर नाव होतं सुनंदा शेळके. कला शाखा, द्वितीय श्रेणी. साल भाऊसाहेबांच्या नोकरीच्या अगदी सुरुवातीचं.

सुनंदा इंदुरीची. घरचं बागायत, गावात वजन. मामा कुसगावला, म्हणून ती त्यांच्याकडे राहून आमच्या कॉलेजात शिकली. शेवटच्या वर्षी परीक्षेचे फॉर्म विद्यापीठाला पाठवायच्या आदल्या दिवशी तिचे वडील कार्यालयात आले. भाऊसाहेब तेव्हा नवे कारकून होते, बावीस-तेवीस वर्षांचे.

“म्हनले, पोरीचं लगीन ठरलंय. परीक्षा न्हाई देयाची. पर तिला सांगायचं न्हाई, रडंल. तू फॉर्मच नको धाडू.” भाऊसाहेब टेबलाच्या कडेकडे बघून सांगत होते. “माजा बाप त्यांच्या बांधावर राबलेला, मॅडम. छप्पन सालात आमच्या घरानं धम्म घेतला, आन घरात पयला शब्द काय आला? शिका. त्या घरातला मी. नोकरीला लागून आठ म्हयनं झालं व्हतं. त्यांनी नुसतं माज्याकडं बघितलं आन मी व्हय म्हनलो.”

फॉर्म त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला.

सुनंदा तीनदा विचारायला आली. ‘भाऊ, माझं हॉल तिकीट आलं का?’ ते म्हणत, ‘येईल.’ तिसऱ्या वेळी तिच्या अंगावर हळद लागायला चार दिवस होते. मग तिला इंदुरीला नेलं. पहिल्या पेपरच्या सकाळी ती घरात ‘पेपरला जाते’ म्हणून निघाली, लोकलने लोणावळ्याला आली, कॉलेजच्या पायऱ्यांवर लावलेल्या यादीत तिने आपलं नाव शोधलं. भाऊसाहेब तिथेच होते.

“मी म्हनलो, तुजं नाव यादीत न्हाई. ती म्हनली, बरं. येवढंच. रडली न्हाई. घंटा झाली, सगळी पोरं आत गेली. मी वळून बघितलं तर ती तितं नव्हती.”

संध्याकाळी इंदुरीच्या नदीकाठी तिच्या चपला सापडल्या. इंद्रायणीत आठ दिवस गळ टाकले, पाणबुडे आणले. ती मिळाली नाही.

जूनमध्ये निकाल आला. त्यात तिचं नाव होतं. सहाच्या सहा विषयांत पास.

मी म्हणाले, “चूक झाली असेल विद्यापीठाची. आकडे इकडचे तिकडे.”

“मलाबी तसंच वाटलं.” भाऊसाहेब विद्यापीठात गेले. परीक्षा विभागातल्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या कारकुनाने त्यांना आमच्या केंद्राचे हजेरीपट काढून दाखवले. सहाही दिवशी सुनंदा शेळकेची सही होती. सुरुवातीच्या ‘सु’चा उकार शेपटासारखा लांब ओढलेला, तिची सवयच होती तशी. शेजारी पर्यवेक्षकाची सही. आणि तिचं नाव छापील यादीत नव्हतंच. यादीच्या तळाला शाईने वाढवलेलं होतं.

“कुणी वाढवलं?”

भाऊसाहेबांनी टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले. “अक्षर माजं व्हतं, मॅडम. मी लिवलेलं न्हाई.”

बाहेर व्हरांड्यात शिपाई खुर्च्या ओढत होता. त्या आवाजाचा मला आधार वाटला.

“पर्यवेक्षक जोशी सर व्हते. आता न्हाईत. मी त्यांला इचारलं. ते म्हनले, व्हती की एक मुलगी शेवटच्या बाकावर. केस वले असायचे तिचे. मला वाटलं घाईत न्हाऊन येत आसंल. तूच तर यादीत नाव घातलंस तिचं, म्हनले.”

“आणि ही परीक्षा कुठल्या खोलीत होती?”

“हितंच,” ते म्हणाले. “ही तवा तीन नंबरची खोली व्हती.”

त्यांनी सगळ्यांत खालचा ड्रॉवर ओढला आणि फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. कागद पिवळा पडला होता. कोपऱ्यात चिकटवलेल्या फोटोत दोन वेण्यांची, गंभीर डोळ्यांची मुलगी. प्राचार्यांच्या सहीची जागा कोरी. तो फॉर्म या इमारतीच्या बाहेर कधी गेलेलाच नव्हता. मी तो हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. का ते मला आजही सांगता येणार नाही.

“परत पाठवून टाका ना प्रमाणपत्र,” मी म्हणाले. “परिपत्रकच आहे.”

“जाळतील ते. येकदा मी तिला नाव नसलेली केली. आता पुन्यांदा करू?” मग म्हणाले, “तिची आई हाये अजून. तिला द्यायचं तर समदं सांगावं लागंल. पस्तीस वरसं तेवढंच जमलं न्हाई.”

मार्चच्या एका रविवारी आम्ही गेलो. तळेगावला लोकलमधून उतरून सहा आसनी रिक्षाने इंदुरीला. प्रमाणपत्र भाऊसाहेबांनी पुठ्ठ्यांत घालून, पिशवीत न ठेवता, छातीशी धरलं होतं. गढीच्या तटाला वळसा घालून गल्ली नदीकडे उतरते, तिथे शेळक्यांचं घर. मुलगा-सून चाकणच्या कंपनीत कामाला, नातवंडं शिकवणीला. ओसरीवर एकटी म्हातारी पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. पारूबाई. ऐंशीच्या पुढची, पण हात भरभर चालणारे.

“मावशी, मी ओव्हाळ. घोरावाडीचा. सुनंदाच्या कालेजातला.”

“या की. वर बसा.”

ते बसले नाहीत. उभ्या उभ्या, हात जोडावेत तसे पुठ्ठे दोन्ही हातांत धरून, त्यांनी सांगायला सुरुवात केली. वडील आले होते ते. फॉर्म ठेवला तो. तीनदा खोटं बोललो ते. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. बापाच्या बांधावरच्या कामाचा तर उच्चारसुद्धा केला नाही. म्हातारी शेंगा सोलत राहिली. दाणे परातीत पडत होते, त्याचा बारीक आवाज.

ते थांबल्यावर ती म्हणाली, “मालक जायच्या आदल्या वरसाला मला बोलले व्हते. मीच त्या कारकुनाला सांगितलं म्हून. लय रडले.” तिने एक किडका दाणा बाजूला टाकला. “पर तिनं पेपर दिलं की.”

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. निकालाबद्दल, हजेरीपटाबद्दल ते अजून काहीच बोलले नव्हते.

“तुमाला कुनी सांगितलं, मावशी?”

“कोन सांगनार?” तिने मानेने परसदाराकडे खूण केली. “तितं मागं दगड हाये, हातपाय धुयाचा. कालेजातनं आली की ती तितंच हात धुयाची. बोटं शाईनं भरलेली असायची ना. ती गेली त्या सांच्याला समदं गाव नदीवर. मी येकटी घरात. पानी वतल्याचा आवाज आला. जाऊन बघितलं तर कोन न्हाई. दगड वला, आन खालचं पानी निळं.”

“नीळ असेल, मावशी,” मी म्हणाले. “कपड्यांची.”

“नीळ मी कदी वापरली न्हाई, बाई. लाल लुगडी निसायचो आमी.” ती शांतपणे म्हणाली. “येक दिस आड आसं सा येळा झालं. मग थांबलं. मी कुनाला बोलले न्हाई. म्हनलं, झाल्या वाटतं परीक्षा.”

सहा पेपर. एक दिवसाआड. मी भाऊसाहेबांकडे पाहिलं नाही.

त्यांनी पुठ्ठे उघडले आणि मजकूर वाचला. एकही शब्द गाळला नाही. पारूबाईने हात पदराला पुसले, प्रमाणपत्र घेतलं, वरच्या ठशावरून बोट फिरवलं.

“ही कुनी दिली?”

“विद्यापीठानं.”

“त्यांनी बघितली तिला?”

ज्या माणसाने मला अधिसभेपासून अभ्यास मंडळापर्यंत सगळं कागदावर काढून दाखवलं होतं, त्याला याचं उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, “मावशी, मला काय शिक्षा करायची ती करा.”

“मी कशाला?” म्हातारी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, दयाही नव्हती. “माज्यापाशी आलाय, ते बरं केलंत. पर हे तिला सांगितलं का, भाऊ, कवा?”

“न्हाई.”

“मग मला काय सांगताय? तिला सांगा.”

निघताना मी परसदारातून मागे डोकावले. दगड कोरडा होता, त्यावर ऊन पडलं होतं आणि एक कोंबडी झोपली होती. त्यापलीकडे पायवाट नदीकडे उतरत होती.

सोमवारी मी मुद्दाम लवकर आले. माघ-फाल्गुनात सहसा दिसत नाही, पण त्या सकाळी दरीतून धुकं वर आलं होतं आणि व्हरांड्याचं टोक दिसत नव्हतं. भाऊसाहेब माझ्या आधीच आले होते. मला त्यांची टकटक ऐकू आली. मग दार उघडून लागल्याचा आवाज. मी शिक्षक-खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिले. भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. ते बोलत, मग थांबत. पुन्हा बोलत. एकटा माणूस बोलताना थांबतो तो श्वास घ्यायला थांबतो. हे थांबणं तसं नव्हतं. कुणाचं तरी पुरं होऊ द्यावं, तसं होतं.

अर्ध्या तासाने ते बाहेर आले. डोळे लाल झालेले, पण चेहरा मी तोवर पाहिला नव्हता इतका मोकळा. दार त्यांनी उघडंच ठेवलं.

मी न राहवून विचारलं, “काय म्हणाली?”

हे मी कसं विचारलं, कुठल्या विश्वासाने, याचं मला आता नवल वाटतं. त्यांना वाटलं नाही.

“म्हनली, मला ठावं व्हतं. तवाच ठावं व्हतं, म्हनली, तुमी खाली बघून बोलायचा.” ते जरा घुटमळले. “मग म्हनली, भाऊ, तुमी किती शिकलाय?”

ते बारावी होते. आयुष्यभर हजारो मुलांचे फॉर्म भरून घेतले, हजारो पदव्यांची आवक-जावक केली, आणि स्वतः पदवीला कधी बसले नाहीत. “बसावं वाटायचं,” ते म्हणाले. “पर ज्या हातानं तिचा ठेवला त्या हातानं सोताचा कसा भरू?”

“मग आता?”

“म्हनली, भरा.”

माझ्या दहा पानांत मी सुनंदाची हकीकत लिहिली. भाऊसाहेबांनीच नावासकट लिहायला सांगितलं होतं, ‘फॉर्म दामोदर ओव्हाळ, कनिष्ठ लिपिक, यांनी रोखून धरला’ असं. प्राचार्यांनी ती दोन पानं वाचली, चष्मा काढला, आणि म्हणाले, “हे विद्यापीठाच्या इतिहासात कशाला?” मी वाद घातला आणि सगळं तसंच पाठवलं. ग्रंथ छापून आला तेव्हा आमच्या कॉलेजला त्यात चार ओळी मिळाल्या होत्या. त्यात विद्यार्थिसंख्या होती आणि डोंगरावरच्या निसर्गरम्य परिसराचा उल्लेख होता.

मे महिन्यात भाऊसाहेब निवृत्त झाले. जूनमध्ये त्यांनी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून पहिल्या वर्षाचा फॉर्म भरला. त्यांच्या जागी आलेल्या मुलीने तो घेतला तेव्हा ते खिडकीबाहेर उभे होते. पोचपावतीवर शिक्का पडेपर्यंत त्यांनी खिडकीच्या कठड्यावरचा हात काढला नाही. विषयांत इतिहास घेतला होता. अधूनमधून घोरावाडीहून मला फोन करत आणि नेमके प्रश्न विचारत. पेपर दिले पुढच्या एप्रिलमध्ये, आणि ऑगस्टमध्ये छातीत कळ येऊन गेले. मी तेव्हा पुण्यात आईच्या आजारपणात अडकले होते, अंत्ययात्रेला पोचू शकले नाही. त्यामुळे मला शेवटचे दिसले ते शेवटच्या पेपरलाच.

वरच्या मजल्यावरच्या नव्या सभागृहात परीक्षा होती आणि पर्यवेक्षणाची पाळी माझी होती. वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींत हा एक पांढऱ्या केसांचा माणूस. मी हजेरीपट घेऊन त्यांच्यापाशी गेले, तर त्यांनी पेन उघडलं आणि आदल्या सगळ्या पेपरांना सही केलेली असूनही गोंधळून माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, सही कुटं करायची?” मी बोट ठेवलं. त्यांनी सावकाश, शाळेतल्या मुलासारखी सही केली.

परीक्षेत एका बाकावर एकच जण बसवतात, मुलं ऐसपैस मधोमध बसतात. भाऊसाहेब डाव्या कडेला, अंग चोरून बसले होते. उजवा अर्धा बाक रिकामा. तीन तास त्यांनी आपली कोपरं तिकडे जाऊ दिली नाहीत. मध्येच एकदा मान किंचित उजवीकडे झाली आणि ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “व्हय, लिवतोय.” माझ्या पुढ्यात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी उत्तरपत्रिका काढून घेतली असती. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

घंटा झाली. उत्तरपत्रिका देताना ते म्हणाले, “येळ पुरला, मॅडम.” मुलं दारात गर्दी करून निघून गेली. सभागृह रिकामं होईपर्यंत ते थांबले, मग पेन खिशाला लावून निघाले. मी गठ्ठा बांधत होते, म्हणून नुसतं मान वर करून पाहिलं. दारापाशी पोचल्यावर ते थबकले. एका बाजूला सरकले, पाठ भिंतीला लावली, आणि एखादं माणूस समोरून जाईल एवढा वेळ तसेच उभे राहिले. मग त्याच्या मागोमाग बाहेर पडले.